कथाबाई आणि बंदरावरची मॉली

कथाबाई राक्षसाचं बोलणंही वीजबिल वाचावं तशा आवाजात वाचत. राक्षस दात विचकतोय, राजकन्या हंबरडा फोडतेय, वाघ झडप घालायच्या बेतात आहे, आणि बाईंचा आवाज मात्र ना वर ना खाली. मोताळ्याच्या आमच्या शाळेतले बाकीचे शिक्षक गोष्ट सांगताना टेबलावर हात आपटत, डोळे मोठे करत. मुलांना ते आवडे. कथाबाईंच्या तासाला मागच्या बाकांवर जांभया सुरू होत. मला मात्र आठवड्यातला तेवढाच वेळ सुखाचा वाटे. कोणी अचानक आवाज चढवला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. बाईंच्या आवाजात खड्डे नव्हते.

त्यांचं आडनाव इंगळे. राजूर घाट उतरून बुलडाण्याहून येणाऱ्या एसटीने त्या रोज येत. खांद्यावरच्या कापडी पिशवीत डब्यापेक्षा पुस्तकंच जास्त. शिकवायला मराठी, पण प्रत्येक तासाच्या शेवटी थोडं वाचून दाखवायचं हा त्यांचा नेम, म्हणून साऱ्या शाळेने त्यांना कथाबाई करून टाकलं होतं. वाचत त्या पुस्तकाच्या भाषेत आणि बोलत आमच्या वऱ्हाडीत. एखादी गोष्ट ठाऊक नसली तर तसं सांगून मोकळ्या होत. "हे मले माहीत नाही. घरी पाहून उद्या सांगतो," म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगत. 'माहीत नाही' हे शब्द मोठ्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकले.

तेव्हा मी पाचवीत होते. घरीदारी सगळे 'मले-तुले' बोलत आणि मी एकटी 'मला-तुला'. टीव्हीवरच्या बातम्या आणि पुस्तकं यांतूनच मी बोलायला शिकले होते. आजूबाजूच्या माणसांचं बोलणं माझ्या जिभेवर कधी बसलंच नाही. मुलं विचारत, "काऊन बे पुण्यावाली, घरी कवा चालली?" मी त्यांना आमच्या घराचा पत्ता सांगत असे. शिवाय मला एसट्यांचं वेड होतं. मलकापूरहून येणारी कोणती गाडी कुठे थांबते आणि कोणती रिकामी परत जाते, हे मी भेटेल त्याला ऐकवायचे. ऐकणारा कंटाळलाय हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत नसे. आजही चटकन कळत नाही. शाळेची घंटा वाजली की मी कान झाकून बाकाखाली बसायचे. कोणी मागून खांद्याला हात लावला तर किंचाळायचे. वर्गाने मला येडी ठरवलं होतं. शिक्षकांनी हट्टी ठरवलं होतं. कथाबाईंनी काही ठरवलं नव्हतं. त्या एकदा एवढंच म्हणाल्या, "तुही भाषा पुस्तकातली हाय, जुई. मंग तुले पुस्तकातली माणसं आधी भेटतीन, बाकावरची मागून."

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आई-बाबा मला अकोल्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मला चित्रांतले चेहरे दाखवले आणि या माणसाला काय वाटत असेल, त्या बाईला काय वाटत असेल, असं विचारत राहिले. मग मला बाहेर बसवून दार लोटून घेतलं. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून एक शब्द माझ्यापर्यंत आला. अ‍ॅस्पर्जर. त्यापाठोपाठ आईच्या रडण्याचा आवाज आला.

घरी आल्यावर तो शब्द कुजबुजीत राहू लागला. मी खोलीत शिरले की बोलणं थांबे. आमच्या घरात हे आधी एकदा झालं होतं. आदल्या उन्हाळ्यात आजोबांचाही असाच एक शब्द होता, तोही दाराआड बोलला जाई. त्यांच्यासमोर मात्र सगळे म्हणत, "काही झालं नाही तुमाले." पोळ्याच्या सुमाराला आजोबा गेले. त्यांचा शब्द कॅन्सर होता. कॅन्सर आणि अ‍ॅस्पर्जर, दोन्हींचा शेवट मला सारखाच ऐकू येत होता. मला जे समजायचं ते मी समजले. कुणाला विचारलं नाही, कारण आजोबांनीही कुणाला काही विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त आपलं घड्याळ बाबांना देऊन टाकलं होतं आणि चष्म्याची डबी आईला.

मीही तसंच सुरू केलं. कंपासपेटी शेजारच्या प्राजक्ताला दिली. रंगीत खडू एका मुलीला, पाण्याची बाटली दुसरीला. मुलांनी आनंदाने घेतलं. कोणी काही विचारलं नाही. विचारलं ते कथाबाईंनी. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर त्या माझ्या बाकाशी आल्या. हात न लावता, जरा अंतर ठेवून जमिनीवर बसल्या.

"काऊन वाटून राह्यली सारं?" त्यांनी विचारलं.

"मी मरणार आहे," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. गप्प बस असंही म्हणाल्या नाहीत. "कोणं सांगतलं तुले?"

"कोणीच नाही. मला अ‍ॅस्पर्जर झाला आहे. दाराआडून ऐकलं."

बाई म्हणाल्या, "हा शब्द मले माहीत नाही. पन ज्याले माहीत हाय त्याले आत्ताच विचारू." त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं आणि मला घेऊन त्या थेट बाबांच्या दुकानावर गेल्या.

बसस्टँडजवळ बाबांचं कृषी केंद्र होतं, खतं आणि बियाण्यांचं. दुकानात गिऱ्हाईक होतं. बाईंनी बाबांना मागच्या गोदामात बोलावलं. युरियाच्या पोत्यांमध्ये मी उभी आणि माझ्या डोक्यावरून ते दोघं बोलत होते.

बाई म्हणाल्या, "भाऊ, पोरगी मराची वाट पाहून राह्यली. तुम्ही तो शब्द तिच्यापासून लपवला, पन शब्द तिले माहीत हाय. अर्थ तेवढा माहीत नाही. असा शब्द लेकराच्या पोटात ठिवू नका."

बाबांचा चेहरा लाल झाला. राग आणि भीती या दोन्हींत माणूस लाल होतो, आणि कोणतं कधी ते मला ओळखता येत नाही. ते दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, घरचं घरात राहू द्या. हा शब्द गावात गेला तर पोरीच्या मांगं जलमभर लागीन. उद्या तिचं लग्न, सारं हाय. तिले एक अक्षर सांगाचं नाही. मी तिचा बाप हाय."

"मी नाही सांगत," बाई म्हणाल्या. "पन ती मरत नाही, एवढं तरी तुम्ही सांगा."

त्या दिवशी घरी आईने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "काही झालं नाही तुले." आजोबांना सांगितलं होतं ते अगदी हेच वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "तू यानं मरत नाही. हे माहं बोलणं हाय. मी एका डॉक्टरीनबाईले फोन करून विचारलं."

"पुरावा काय?" मी विचारलं.

दुसरं कोणी असतं तर ओरडलं असतं. बाई म्हणाल्या, "बरोबर हाय तुहं. पुरावा पाह्यजे. आणतो."

पुरावा यायला वेळ लागला. त्या दिवसांत मी जेवत होते, शाळेत जात होते आणि रोज संध्याकाळी अंगणात बसून आपल्याला काही दुखतंय का ते तपासत होते. मग एके दिवशी कथाबाईंच्या पिशवीतून एक इंग्रजी पुस्तक निघालं. त्यांच्या मुलीने पुण्याहून पाठवलेली मुलांची कादंबरी होती. मराठीत तसं काही सापडलं नव्हतं. बाईंचं इंग्रजी बेताचंच. रोज घरी शब्दकोश घेऊन त्या एक प्रकरण मराठीत उतरवून ते कागद पुस्तकात ठेवत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवत. मला एकटीला नाही, सगळ्या पाचवीला. बाबांना दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. मला बाजूला घेऊन त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

गोष्ट मॉली नावाच्या मुलीची होती. समुद्राकाठच्या गावात बापाबरोबर राहणारी, बंदरात येणाऱ्या प्रत्येक बोटीची माहिती असणारी आणि ती माहिती भेटेल त्याला ऐकवणारी. मॉलीला लोकरीचा स्वेटर टोचायचा. शाळेची घंटा वाजली की ती कानांवर हात ठेवायची. विनोद कळायचे नाहीत. पहिल्याच प्रकरणात एक बाई तिला म्हणते, 'जरा एक मिनिट थांब,' आणि मॉली घड्याळ बघून बरोबर एका मिनिटाने निघून जाते. वर्ग हसला. मी हसले नाही. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. ही मुलगी माझ्यासारखी होती. मग तिचं जे होईल ते माझं होणार होतं.

"ती शेवटी मरते का?" मी तास संपल्यावर बाईंना गाठून विचारलं.

"ऐक," त्या म्हणाल्या. एवढंच.

कथाबाईंचं एक सांगणं होतं, "गोष्टीतल्या माणसाले नावं ठिवाची मुभा हाय. बाकावरच्याले नाही." म्हणून त्या वाचून झाल्यावर मुलांना मॉलीबद्दल मनसोक्त बोलू देत. मुलं तुटून पडत. येडी हाय, लाडावली हाय, बापानं दोन ठिवून दिल्या पाह्यजेत. प्रत्येक वाक्य मला लागत होतं. आमच्या वर्गात वैभव म्हणून एक मुलगा होता, मला पुण्यावाली म्हणण्यात सगळ्यांत पुढे. त्याने विचारलं, "मॅडम, थे घंटी वाजली का कानावर हात काऊन ठिवते? आमाले तं काही होत नाही."

"मले माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कोणाले माहीत हाय?"

मी वर्गात कधी हात वर करत नसे. त्या दिवशी केला. "घंटा तिच्या कानात वाजत नाही," मी म्हणाले. "दातांत वाजते. दाढ दुखते तशी."

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघू लागला. वैभव म्हणाला, "तुले काय माहीत?"

"मला माहीत आहे," मी म्हणाले आणि खाली बघितलं. एवढे डोळे एकदम माझ्याकडे वळलेले मला सोसवत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मला नवं नाव मिळालं. मॉलीचं त्यांनी मोळी केलं. "ए मोळी, बोट आली का?" बाईंना ते कळलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "माह्यामुळं झालं हे. पुस्तक बंद करू का?" मी नको म्हणाले. पुण्यावाली म्हटलं की मला राग येई, कारण मी पुण्याची नव्हते. मोळी म्हटलं तर मी ओ देत होते. ते नाव चुकीचं नव्हतं. मात्र ते नाव पोरांनी घरी नेलं. कुणीतरी आपल्या बापाला सांगितलं की आमच्या वर्गात जुईची गोष्ट चालू आहे, आणि त्याने खत घेता घेता बाबांना विचारलं.

बाबा त्याच दुपारी शाळेत आले. कथाबाईंचा तास चालू होता. मॉलीच्या शाळेत आगीचा भोंगा वाजला होता, ती पळत सुटली होती आणि बंदरावर एका उलट्या घातलेल्या होडीखाली जाऊन लपली होती. अंधार पडत होता, भरतीचं पाणी होडीपर्यंत येत होतं आणि गाव तिला शोधत होतं. मागच्या बाकांवर कोणी जांभया देत नव्हतं.

बाबा दारात उभे राहिले. त्यांच्या मागे मुख्याध्यापक हात चोळत होते. बाबा म्हणाले, "मॅडम, पुस्तक बंद करा."

बाईंनी वर बघितलं. "पाठ अर्ध्यात हाय, भाऊ. हा झाला का बोलू. तुम्ही बसा."

बाबा बसले नाहीत, गेलेही नाहीत. बाई पुढे वाचू लागल्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण पुस्तक धरलेला हात कापत होता. मला पहिल्या बाकावरून दिसत होतं. मॉलीचा बाप कंदील घेऊन होडीपाशी येतो. तो तिला ओढून बाहेर काढत नाही. ओल्या वाळूवर आडवा होतो आणि होडीच्या फटीतून तिच्याशी बोलतो. म्हणतो, 'मी तुझ्यापासून एक शब्द लपवून ठेवला आहे.' इथे बाई थांबल्या. पुढचा शब्द काय आहे ते वर्गात तिघांनाच माहीत होतं. त्यांना, बाबांना आणि मला.

बाईंनी बाबांकडे बघून विचारलं, "पुढं वाचू का?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली आणि ती कुठली हे मी पाहिलं नाही.

तेवढ्यात मागून वैभवचा आवाज आला. "वाचा ना मॅडम. पाणी आलं ना. मेली का थे?"

बाबांचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो खाली आला. ते म्हणाले, "वाचा."

कथाबाईंनी शब्द वाचला. अ‍ॅस्पर्जर. तितक्याच सपाट आवाजात त्या पुढे वाचत गेल्या. मॉलीचा बाप सांगतो, हा आजार नाही, याने कोणी मरत नाही. तुझ्या डोक्याची रचना जरा वेगळी आहे. म्हणून भोंगा तुला जास्त टोचतो, म्हणून बोटी तुला जास्त कळतात. 'मला भीती वाटली होती, हे नाव कळलं तर तू बदलशील.' त्यावर मॉली होडीखालून विचारते, 'बदलले का मी?' बाप म्हणतो, 'नाही. तू तीच आहेस. फक्त भिजली आहेस.' मुलं हसली. या वेळी मीही हसले. दारात बघितलं तर बाबा नव्हते.

शाळा सुटल्यावर ते फाटकाशी उभे होते. मोटारसायकल दुकानावर ठेवून आले होते. आम्ही चालत निघालो. कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपाशी आल्यावर ते म्हणाले, "त्या मॉलीले जे हाय ना, जुई, थेच तुले हाय."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "मग मी मरणार नाही?"

"नाही."

"कधीच?"

बाबा थांबले. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "मरशील. म्हातारी होऊन. माह्या मांगून लय वर्षांनी."

हे वाक्य आजोबांना कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला.

पुस्तक पुढे संपलं. शेवटी मॉलीचं काहीच विशेष होत नाही. ती शाळेत जाते, बोटी बघते, तिला एक मैत्रीण मिळते. मी नाराज होऊन बाईंना म्हणाले की शेवटी काही घडलंच नाही. त्या म्हणाल्या, "काही घडू नये, हेच तं पाह्यजे होतं तुले." वर्ग काही देवमाणसांचा झाला नाही. वैभव पुढेही मला मोळीच म्हणत राहिला. पण शिपाई घंटेकडे निघाला की खिडकीतून बघून तोच मला सांगायचा, "आला बे." मग मी कानावर हात ठेवून बाकावरच बसून राहायचे. प्राजक्ताने कंपासपेटी परत केली, त्यातला खोडरबर मात्र ठेवून घेतला.

पुढे बाई निवृत्त झाल्या. मी कॉलेजात असताना बुलडाण्याला त्यांच्या घरी जायचे. हल्ली डॉक्टर अ‍ॅस्पर्जर म्हणत नाहीत, त्याला वेगळं नाव आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव बदलू दे. तू तं समजून घेतलं ना?" एकदा मी विचारलं, "त्या दिवशी तुमचा हात कापत होता. तुम्हाला भीती वाटली होती का?" बाई म्हणाल्या, "लय भेव वाटलं. नोकरीचं नाही. मले वाटे, हा माणूस शब्द ऐकाच्या आधी निघून जाईन आन मंग लेकरू जलमभर त्या होडीखालीच राहीन."

मागच्या वर्षी कथाबाई गेल्या. मी आता खामगावला एका बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. निरोप आला तशी बुलडाण्याला निघाले, बाबाही मोताळ्याहून आले. अंगणात माणसं दाटली होती. त्रिशरण झालं, त्यांच्या लेकीने टाहो फोडला, बाबा रुमालात तोंड घालून रडत होते. मी कोरडी उभी होते. मला फक्त अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचे रंग दिसत होते. शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "इतकं केलं बाईनं हिच्यासाठी, पाह्य, डोळ्यात टिपूस नाही." बाबांनी ऐकलं. ते वळून शांतपणे म्हणाले, "तिले अ‍ॅस्पर्जर हाय, ताई. तिचं दुःख दिसत नाही, म्हून नाही असं समजू नका." मी त्याच दिवशी खामगावला परतले आणि कामाला लागले.

नंतर एका संध्याकाळी बाजारात कांदे घेत होते. दुकानदार तराजूत कांदे टाकत होता आणि मध्येच काही कारण नसताना मी पिशवी खाली ठेवली, त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडू लागले. इतकी, की रस्त्यावरची माणसं थांबली. दुकानदार घाबरून तांब्या घेऊन आला.

"काय झालं, ताई?"

"माझ्या बाई वारल्या."

"अरे देवा. कवा?"

"मागच्या महिन्यात," मी म्हणाले. "पण मला आत्ता कळलं."

त्याने तांब्या माझ्याजवळ ठेवला, गिऱ्हाइकांना बाजूला सारलं आणि म्हणाला, "बसा मंग. काही घाई नाही."